न्हाणीमागची बुटकी केळ

मी केळ बोलतेय. भडगावात, गिरणा नदीच्या अलीकडच्या वस्तीत आधार गवंड्याचं घर आहे. त्या घरामागे न्हाणीचं पाणी जिथं बाहेर पडतं, तिथं मी उभी आहे. माझ्या जातीच्या केळी माणसाच्या डोक्यावरून हातभर वर जातात. मी न्हाणीच्या भिंतीएवढीही नाही, आणि ती भिंत आधारच्या छातीला लागते.

केळीनं आपली कहाणी सांगायची म्हणजे मांडवाचं दार, पानावरची पंगत, नैवेद्य असं काहीबाही सांगावं लागतं. माझ्याकडे त्यातलं काही नाही. लग्नाच्या दारात बांधायला मला कुणी नेलं नाही. नेलं असतं तर वऱ्हाड मला ओलांडूनच आत गेलं असतं. जे घडलं तेवढं सांगते. सांगताना मला फार काही वाटत नाही, हे आधीच सांगून ठेवते.

माझा जन्म काचेच्या बाटलीत झाला. तिथं माती नव्हती, ऊन नव्हतं, वारासुद्धा गाळून घेतलेला. गावाबाहेर केळीची रोपं तयार करणारी एक मोठी रोपवाटिका आहे, तिच्या मागच्या अंगाला प्रयोगशाळा. चांगला भरघोस घड देणाऱ्या एका केळीचा कोंब आणायचा, त्याचे तुकडे करून जेलीसारख्या खाद्यावर ठेवायचे, फुटवे आले की पुन्हा कापायचे. एकीच्या अनेक, अनेकींच्या हजारो. सगळ्या सारख्या. शेतकरी सारखेपणाच विकत घेतो. एकाच वेळी सगळा बाग कापणीला यावा, म्हणून.

मला कापलं ते सपनानं. सपना ही आधार आणि केसरबाईची एकुलती एक मुलगी. वय तिशीच्या आसपास. धड चारचौघींसारखं, कपाळ थोडं पुढं आलेलं, हात आणि पाय मात्र आखूड. टेबल तिच्या हनुवटीला लागायचं, म्हणून तिच्यासाठी उंच स्टूल होतं आणि पाय टेकायला खाली फळी. स्पिरिटच्या दिव्यावर पातं तापवायचं, निववायचं, एका झटक्यात फुटवा वेगळा करायचा. हात चालत असताना ती कुणाशी बोलत नसे. मी तिच्या चिमट्यात होते तेव्हा इतरांसारखीच दिसत होते. माझ्यात काही बदललंय हे तिला कळलं नाही. मलाही नाही.

बाटलीतून काढून आम्हाला हिरव्या जाळीच्या शेडमध्ये नेलं, मातीच्या पिशव्यांत लावलं. तिथं केसरबाई कामाला होती. उन्हानं रापलेली, सडपातळ बाई. बोलणं अगदी मोजकं. हसणाऱ्या बायकांत बसायची, पण हसायची नाही. रुसलेलीही दिसायची नाही. भांड्यावर झाकण ठेवावं तसा तिचा चेहरा.

पानं फुटायला लागली आणि आमच्यातला फरक दिसू लागला. बाकीच्यांची पानं लांब, देठ मोकळे. माझी पानं आखूड, रुंद, एकमेकांवर चढून बसलेली, कोबीसारखी. त्या खेपेला माझ्यासारख्या बऱ्याच निघाल्या. मुकादम गिरधर रांगेतून फिरत ओरडायचा, "बठ्ठ्या बुटक्या काढा! एक बी बुटकी गाडीमा जावाले नको!"

नेमकी तेव्हाच सपना जेवणाचा डबा घेऊन आईकडे यायची. ती दिसली की बायका गप्प व्हायच्या. गिरधरही घसा खाकरून "त्या... लहान्या काढा" म्हणायचा.

सपना एकदा म्हणाली, "बुटकी म्हन ना, गिरधरभाऊ. तू केळले म्हनस. मी काय केळ शे?"

बायका हसल्या. केसरबाई खाली मान घालून पिशव्या उचलत राहिली.

काढलेल्या सगळ्या शेडमागच्या खड्ड्यात टाकल्या. संध्याकाळी घरी जाताना केसरबाईनं खड्ड्यातून एक उचलली, ती मी. दया आली असं मला तरी दिसलं नाही. न्हाणीचं पाणी वाया जात होतं, आणि केळीला पाणी लागतं. प्लास्टिकच्या पिशवीत घालून तिनं मला घरी आणलं आणि कुदळीनं खड्डा करून लावलं. मातीला लागण्याची ती माझी पहिली वेळ. काही विशेष झालं नाही. मुळं गेली खाली.

त्या घरात मी कधी गेले नाही. पण न्हाणीला लागूनच स्वयंपाकघराची खिडकी आहे, त्यामुळे घरातलं बरंच मला दिसतं आणि जवळजवळ सगळं ऐकू येतं. आधार गवंडीकाम करायचा. आता गुडघे गेले म्हणून लहानसहान कामंच घेतो. सपना मोठी झाली तेव्हा त्यानं कुणाला न विचारता स्वयंपाकघराचा ओटा फोडला आणि तिच्या उंचीचा नवा बांधला. दिव्याची बटणंही खाली घेतली. सपनाला सगळं हाताशी आलं. केसरबाई मात्र तेव्हापासून वाकून भाकरी थापते. तिची पाठ दुखते. ती तसं कधी म्हणालेली नाही, पण भाकरी झाल्या की न्हाणीत येऊन भिंतीला पाठ लावून उभी राहते. मी शेजारीच असते.

नवरा-बायकोत भांडण नव्हतं. आधार तिच्यावर हात उगारत नसे, दारू पीत नसे, आवाजही चढवत नसे. घरात बाबासाहेबांचा आणि बुद्धांचा फोटो, सकाळी वंदना. दोघं एका ताटलीतली चटणी खायचे. पण त्यांच्यात एक वाक्य होतं. ते काय होतं, ते मला नंतर कळलं.

एक दिवस धुळ्याहून हर्षिता नावाची मुलगी आली. तिचे आजोबा राजस्थानातून आलेले, घरचं कापडाचं दुकान. ही मात्र झाडांच्या मागे लागलेली. एकाच झाडापासून केलेली रोपं वेगवेगळ्या बांध्याची का निघतात, हे ती झाडांच्या जनुकांत शोधत होती. रोपवाटिकेत तिनं बुटकी रोपं मागितली. गिरधर म्हणाला, सगळी कुजली खड्ड्यात. तेव्हा सपना म्हणाली, "एक आमच्या घरी आहे, ताई."

हर्षितानं माझ्याभोवती फिरून मापं घेतली, कोवळ्या पानाचा तुकडा कापून बर्फाच्या डब्यात ठेवला. माझ्या बुडाशी आलेला नवा कोंब, पिलू म्हणतात त्याला, तोही कुदळीनं सोडवून घेतला.

"पिलू कशाला?" सपनानं विचारलं.

"उंच केळीच्या पिलाशेजारी लावेन. तीच माती, तेच खत, तेवढंच पाणी. तरी बुटकंच राहिलं, तर दोष तुमच्या मातीपाण्याचा नाही. मग आत शोधायचं." मग तिनं केसरबाईकडे बघून सहज विचारलं, "मावशी, हिच्यावर कधी काही औषध फवारलं होतं का?"

केसरबाईच्या हातात पाण्याचा तांब्या होता. तो तसाच राहिला. ती म्हणाली, "हिनावर नही."

आणि आत निघून गेली.

हर्षिता गोंधळली. "माझं काही चुकलं का?"

सपना माझ्याजवळच्या दगडावर बसली आणि हळू आवाजात सांगू लागली. "मी पोटात होते तेव्हा माय कपाशीच्या फवारणीला जायची. औषध पाण्यात कालवून पंपवाल्याला द्यायचं, काडीनं ढवळायचं. घरावर पत्रे टाकायचे होते. बाबांनी नको म्हटलं होतं, तरी गेली. मी दोन वर्षांची झाले, हातपाय वाढेनात, म्हणून मला एका डॉक्टरकडे नेलं. त्यानं विचारलं, गरोदरपणी काही विषारी लागलं होतं का. तेव्हा बाबा एवढंच बोलले, 'मी सांगेल व्हतं ना, जाऊ नको.' पुन्हा कधीच बोलले नाहीत."

"आणि मावशी?"

"ती त्या दिवसापासून अशीच आहे. मी तिला दुसरी पाहिलीच नाही."

आतून भाकरी थापण्याचा आवाज येत होता. हर्षिता डबा उचलून निघून गेली.

मग बरेच महिने कुणी आलं नाही. मला पानं येत गेली, जुनी वाळत गेली. माझ्या पोटातून कमळ, म्हणजे केळफूल, बाहेर पडलं आणि लहानशा फण्या धरू लागल्या. केसरबाई वाळकी पानं काढायची. तिचा हात माझ्यावरून फिरायचा तो न्हाणीच्या भिंतीवरून फिरावा तसा. मला ते बरं वाटायचं की नाही, सांगता येत नाही.

उन्हाळा लागता लागता हर्षिता परत आली. आधार, केसरबाई, सपना तिघंही मागच्या अंगणात बसले. तिनं फोनवर दोन केळींचे फोटो दाखवले: उंच केळीचं पिलू वर गेलेलं, माझं त्याच्या कमरेशी.

"सारखं खतपाणी देऊनही असं," ती म्हणाली. "म्हणून हिची आणि उंच केळीची जनुकं पूर्ण वाचून एकमेकांशी ताडून पाहिली. केळीच्या प्रत्येक पेशीत पन्नास कोटींच्या आसपास अक्षरं असतात. झाडानं कसं वाढायचं ते त्यांत लिहिलेलं. हिच्यात एका जागी छोटा तुकडाच गळालाय. उंची वाढवणारं रसायन झाड स्वतःच करतं. ते करायची सूचना त्या तुकड्यात होती. फोन नंबरातले दोन आकडे गेले तर फोन लागत नाही ना, तसं. बाकी सगळं शाबूत आहे. पानं होतात, घड येतो. फक्त 'वर जा' हा निरोप पोचत नाही."

"कोनी काढं ते आकडा?" आधारनं विचारलं.

"कुणीच नाही, काका. बाटलीत पेशी पुन्हा पुन्हा दुप्पट होतात. दर वेळी सगळी अक्षरं नव्यानं उतरवून घ्यायची. कोट्यवधी अक्षरं उतरवताना कधी एखाद्या जागी चूक राहून जाते."

केसरबाई पहिल्यांदाच बोलली. "फवाराथीन व्हस का आसं?"

"हिच्यात नाही, मावशी. मातीत यायच्या आधीच, बाटलीत झालं ते."

सपना इतका वेळ फोनवरच्या फोटोकडे बघत होती. मान वर न करता तिनं विचारलं, "माझंही असंच असेल का, ताई?"

हर्षितानं फोन खाली ठेवला. "मी झाडांची आहे गं. माणसाबद्दल अंदाजानं बोलणार नाही. पण नाशिकला हे तपासणाऱ्या डॉक्टर आहेत. रक्त द्यावं लागेल, तिघांचं."

"आते काय करानं तपाशीसन?" आधार म्हणाला.

"माले जानानं शे," सपना म्हणाली.

तिघं नाशिकला जाऊन आले. अहवाल आला तेव्हा डॉक्टरीणबाईंशी बोलायला सपना एकटीच गेली. संध्याकाळच्या गाडीनं परतली, आणि हातपाय धुवायला न्हाणीत आली ती तिथंच थांबली. केसरबाई भांडी घासत होती. आधार माझ्या पलीकडे खाटेवर बसला होता. सपनानं चपलाही काढल्या नव्हत्या.

"माय, आयक," ती म्हणाली. "एक अक्षर बदलेल शे. एकच. हाडांनी वाढ थांबाडाना एक ब्रेक ऱ्हास आंगमा. मना तो लागेलच ऱ्हास, सुटस नही. तुना रक्तमा ते नही. बाबाना रक्तमा बी नही. नवंच झायं. जगमा जेवढा आसा लोके शेतस, त्यासनं बी तेच अक्षर बदलेल शे. ज्यासनी माय कधी वावरमा गई नही, त्यासनं बी."

केसरबाईचा हात चालूच होता.

"डॉक्टर म्हनन्यात, ते औषध वाईटच, त्यानाथीन दुसरा त्रास व्हतस. पन हाई त्यानाथीन नही. फवाराथीन नही झायं, माय."

"बरं," केसरबाई म्हणाली.

तिनं पुढचं भांडं घेतलं. सपना वाट बघत राहिली. मीही बघत होते. वाटलं, आता काही फुटेल. काही फुटलं नाही.

तेवढ्यात आधारनं खाटेवरून विचारलं, "मंग कोनाकडथीन उनं?"

सपनाला ते सांगायचं नव्हतं, हे स्पष्ट दिसत होतं. खोटं बोलली असती तरी चाललं असतं. तिथं तपासायला कोण होतं? पण तिनं सांगितलं. "बाबा, आसा नवा बदल बहुतेक येळे बापना बीजमा व्हस. बनता बनता. त्यामा कोनाच दोष नही. तुमना बी नही."

आधारनं दोन्ही तळहात गुडघ्यांवर ठेवले. विटा रचून रचून रुंद झालेले ते हात. त्यांच्याकडे तो बघत बसला, जणू ते दुसऱ्या कुणाचे आहेत. अंधार पडला तरी तो उठला नाही.

त्यानंतरचे दिवस कसे गेले, ते सांगणं मला अवघड जातं. कारण काहीच झालं नाही. वंदना झाली, भाकऱ्या झाल्या. मायलेकी कामावर गेल्या, परत आल्या. आधार मात्र केसरबाईच्या मागे मागे राहू लागला. ती न्हाणीत आली की काहीतरी निमित्त काढून तोही यायचा. बादली हलवायचा, परत ठेवायचा.

एकदा त्यानं बोलून टाकलं. "मी बोलनू व्हतू तुले. दवाखानामा."

"माले मालूम शे."

"ते खोटं व्हतं."

"हां."

तो थांबला. त्याला काय हवं होतं, ते मला कळलं. ते वाक्य त्याला परत हवं होतं. तिनं ते त्याच्या तोंडावर फेकावं, वर दोन जास्तीची फेकावीत, रडावं, ओरडावं, म्हणजे फिटंफाट होईल. पण केसरबाईनं बादली उचलली आणि माझ्या बुडाशी ओतली. तिनं माफ केलं असंही नव्हे. माफ करायलासुद्धा आत काहीतरी हलावं लागतं.

सपनाचा धीर त्या दिवशी सुटला. खिडकीतून सगळं ऐकत होती ती. बाहेर येऊन म्हणाली, "माय, काहीतरी बोल ना! इतला वरीस तू सोताले खात बसनी. आते कयनं ना, तुनी चूक नव्हती. तुले काहीच वाटस नही?"

केसरबाईनं लेकीकडे पाहिलं. खूप दिवसांनी तिनं कुणाकडे असं सरळ पाहिलं असावं.

"वाटानी सवय मोडी गई, पोरी," ती म्हणाली. "चूक व्हती तवय कारन तरी व्हतं. आते तुनं आसं का झायं, कोनी इचारं तर काय सांगू?"

"काहीच नही. आसंच झायं."

"आसंच झायं," केसरबाई म्हणाली. शब्द तोंडात धरून बघावा, तशी. मग आत गेली.

माझंही आसंच झायं. जनुकं वाचणाऱ्यांनी माझ्यात काय बदललं ते शोधलं, कुठं बदललं तेही शोधलं. हजारोंतल्या आम्हीच का, ते त्यांना सापडलं नाही, कारण तिथं सापडण्यासारखं काही नव्हतंच. मला त्याचं सुखही नाही, दुःखही नाही. पण माणसांना कारण लागतं. ते नसलं तर माणसं दोष द्यायला आई शोधतात.

आता माझ्याकडे फार दिवस नाहीत. घड उतरवून झाला. फण्या आखूड होत्या, पण गोड निघाल्या. सपनानं चार कामावर नेल्या, गिरधरनंही खाल्ल्या. घड दिलेली केळ कापतातच, त्यात कुणाचं वैर नसतं. आधारनं कोयता परजून ठेवलाय. धुळ्याच्या प्रयोगशाळेत माझी अक्षरं राहतील, म्हणतात. ती म्हणजे मी की नाही, मला माहीत नाही. तुमच्याकडे मागायचं तर एवढंच मागते, वेगळ्या बांध्याचं कुणी दिसलं तर बघा, मोजा, तपासा. पण त्याची आई काय करून बसली होती, असं विचारू नका.

जायच्या आधी कालचं एक सांगते.

शेजारच्या निंबाभाऊची सून बाळंत होऊन आलीय. पोराचं एक पाऊल आत वळलेलं आहे. डॉक्टर म्हणालेत, प्लास्टर करून सरळ होईल. काल दुपारी नळाला पाणी आलं होतं, केसरबाई न्हाणीत गोधडी धूत होती. कुडाच्या पलीकडे निंबाच्या अंगणात गल्लीतल्या बायका पोर बघायला जमल्या होत्या. एका म्हाताऱ्या अक्कांनी दुपट्यातलं पाऊल उघडून पाहिलं आणि त्या पोरसवदा सुनेला विचारलं, "पोटशी व्हती तवय काय उचलं व्हतं वं तू? काय खादं व्हतं? कुठे गई व्हती?"

सून घाबरून आठवायला लागली. तिचे ओठ हलत होते.

"तिले कसाले इचारतस?"

आवाज न्हाणीतून आला. केसरबाई उभी राहिली होती, हातात ओली गोधडी तशीच. "तिनी काही करेल नही. आयकं का अक्का? तिनी काहीच करेल नही!"

इतका मोठा आवाज त्या घरातून मी कधी ऐकला नव्हता. कुडापलीकडे अक्कांनी दुपटं परत झाकलं. केसरबाई खाली बसली. गोधडी तिच्या मांडीवर पडली, लुगडं भिजत राहिलं. नळ चालूच होता. थेंबाथेंबाला जपणारी ती बाई, तिचं नळाकडे लक्षच नव्हतं. आधार नळ बंद करायला खाटेवरून उठला, न्हाणीच्या दारापर्यंत आला, त्यानं तिच्या ओल्या डोळ्यांकडे पाहिलं आणि नळ तसाच सोडून मागे फिरून बसला.

मला प्यायचं होतं त्याहून कितीतरी जास्त पाणी आलं. माझ्या बुडावरून, चुलीच्या राखेवरून, अंगण ओलांडून ते पार रस्त्यापर्यंत वाहत गेलं.